न खाणारा खातेदार

वीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसलेल्या माणसाला सृष्टीतील कोणत्याही प्राण्याची भीती वाटू नये, असा माझा आपला एक समज होता. एक तारखेची पेन्शनरांची रांग, पीक विम्याचे पैसे जमा झाल्याच्या अफवेने लागलेली रांग, आणि या दोन्ही रांगांना वळसा घालून 'साहेब, फक्त एकच विचारायचंय' म्हणत खिडकीत मुंडके घालणारा गृहस्थ, हे सगळे रोज पाहणाऱ्याला साप काय आणि सुसर काय! पण गेल्या आषाढात आमच्या धाराशिवच्या घरी एक साप मुक्कामाला आला आणि माझी वीस वर्षांची ऐट पार उतरली. मी त्याला भ्यालो म्हणून नव्हे. तो जेवेना म्हणून.

आता आमच्या जिल्ह्यात घरात साप निघणे ही काही बातमी नव्हे. पाऊस पडला की तो निघतोच. कुणीतरी ओरडते, कुणीतरी काठी आणते, कुणीतरी सर्पमित्राला फोन लावते, आणि सर्पमित्र येईपर्यंत साप आपल्या सवडीने निघून गेलेला असतो. पण हा साप निघाला नव्हता, आला होता. तोही पुण्याहून, भाच्याच्या मोटारीत, एसी लावून. मी स्वतः आजवर पुण्याहून लाल एसटीनेच आलेलो आहे.

भाचा पुण्यात संगणकात काहीतरी करतो. त्याचा एक मित्र जर्मनीला निघाला तेव्हा त्याने आपला साप भाच्याला देऊन टाकला. लोक जाताना कुंड्या देतात, फार तर गॅसची शेगडी देतात. याने साप दिला. भाच्याच्या सोसायटीत ही वार्ता फुटली, सेक्रेटरीने सभा बोलावली, आणि ज्या सभेला एरवी सात माणसे जमत नाहीत तिला म्हणे सत्तर जमली. तेव्हा भाच्याला मामाची आठवण झाली. "मामा, तुमचं घर मोठं आहे. मला दुसरी जागा मिळेपर्यंत फक्त." हे 'फक्त' मी बँकेत पुष्कळ ऐकले आहे. 'फक्त सही करा, हप्ते मीच भरणार' यातलेच ते भावंड.

"अरे पण साप पाळणं गुन्हा आहे ना?" मी विचारले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडचा नाग, अजगर, साधी धामणसुद्धा घरात ठेवता येत नाही, एवढे मला ठाऊक होते. भाचा म्हणाला, "हा आपल्याकडचा नाही. पश्चिम आफ्रिकेतला आहे. बॉल पायथन." आणि त्याने बॅगेतून कागद काढला. कागद म्हटल्यावर मी जरा सावरून बसलो. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, २०२४ मध्ये नियम आले, आणि आता असे कित्येक परदेशी प्राणी घरात असतील तर त्यांची सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. जन्म, मृत्यू, हस्तांतर, सगळे कळवावे लागते. म्हणजे चक्क सापाचे केवायसी! माझ्यासमोर येणाऱ्या निम्म्या खातेदारांची कागदपत्रे अपुरी असतात. याची पुरी होती. फक्त कागद भाच्याच्या नावावर, साप माझ्या घरात. कर्ज एकाचे आणि जामीनदार दुसरा, हा बँकेतला सर्वांत जुना घोटाळा माझ्याच घरी सुखरूप पार पडला.

साप म्हणाल तर दिसायला सालस. साडेतीन फूट लांब, अंगाने भरलेला, चॉकलेटी रंगावर पिवळसर ठिपके. विषारी नाही. घाबरला की फणा नाही, फूत्कार नाही; वेटोळे करतो आणि त्या वेटोळ्याच्या मधोमध डोके लपवून चेंडू होऊन बसतो. म्हणूनच त्याला 'बॉल' म्हणतात. मोठे साहेब तपासणीला आले की मीही जवळपास असेच करतो, त्यामुळे मला त्याच्याविषयी लगेच आपुलकी वाटली.

भाच्याने काचेची पेटी पुढच्या खोलीत मांडली आणि मला सूचना दिल्या. पेटीची एक बाजू उबदार हवी, बत्तीस अंशांच्या आसपास. दुसरी त्याहून थंड, सव्वीसच्या आसपास. दोन्ही बाजूंना एकेक ढोली, म्हणजे ऊब हवी की गारवा हे तो लपूनच ठरवील. पाण्याचे भांडे. वरून चादर, म्हणजे माणसांची ये-जा दिसायला नको. पहिला आठवडा हात लावायचा नाही, उचलायचे नाही, काचेवर टकटक करायची नाही. आठवड्याने रात्री एक उंदीर द्यायचा, तो आधीच मेलेला आणि बर्फात गोठवलेला. गरम पाण्यात ठेवून तो ऊन करायचा, कारण या सापाच्या ओठांवर बारीक खळगे असतात आणि त्यांना ऊब कळते. थंडगार उंदीर त्याला अन्न वाटतच नाही. लांब चिमट्याने पुढे धरायचा. नाही घेतला तर तिथेच ठेवायचा, दिवा घालवायचा आणि निघून जायचे. सकाळी तसाच असेल तर उचलून फेकायचा आणि आठवडाभर पुन्हा नाव काढायचे नाही.

"आणि खाल्लंच नाही तर?" मी विचारले.

"नवीन जागी आला की नाही खात. कधी महिना, कधी दोन-तीन महिनेसुद्धा. वजन टिकून असलं तर घाबरायचं नाही. आणि मामा, मुख्य म्हणजे आग्रह करायचा नाही."

वाचकहो, आग्रह करायचा नाही! मराठवाड्यातल्या माणसाला हे सांगणे म्हणजे सोलापूरच्या माणसाला चटणीत शेंगदाणे घालू नको म्हणण्यासारखे आहे. आमच्याकडे प्रेम मोजण्याचे माप पोळी हे आहे. पाहुणा नको म्हणाला की खरे वाढणे सुरू होते. तो पानावर आडवा हात धरतो, आपण हाताच्या फटीतून वाढतो. तो शपथ घालतो, आपण उलट शपथ घालतो. शेवटी तो घामाघूम होऊन उठतो, तेव्हा कुठे यजमानाला ढेकर येतो. यात कोणाची भूक भागते, हा प्रश्न त्या दिवसापर्यंत माझ्या डोक्यात आला नव्हता.

गोठवलेल्या उंदरांवरून घरात जे झाले ते सविस्तर सांगत नाही. आमच्या हिने एवढेच म्हटले की तिच्या फ्रिजमध्ये एक तर ते राहतील नाही तर ती. ती फ्रिजमध्ये राहत नाही हा मुद्दा मी मांडला नाही. शेवटी एक जुना, लहान फ्रिज विकत आणून पुढच्या खोलीत ठेवला आणि त्यावर चिठ्ठी लावली: 'ऑफिसचे कागद. उघडू नये.' घरात माळकरी माणूस म्हणजे माझी आई. मला धास्ती तिची होती. पण ती शांतपणे म्हणाली, "त्याचं अन्न हाय ते. वाघानं काय हुलग्याचं माडगं प्यावं व्हय?"

आई तेव्हा आमच्याकडे नवीनच होती. आईला नवीन म्हणणे विचित्र वाटते, पण होती. आमचे गाव लोहारा तालुक्यात. वडील गेल्यावर ती तिथे एकटीच राहत होती. वैशाखात मी गाडी करून गेलो आणि तिला घेऊन आलो. ती नको म्हणत होती. मी तिच्या हाताच्या फटीतून वाढले, म्हणा ना. चार माणसांत मान ताठ झाली. 'पोराने आईला एकटी ठेवली नाही' असे लोक म्हणाले. ती स्वतः काय म्हणत होती, ते मला नीट आठवत नाही.

पहिला आठवडा संपला. मी उंदीर ऊन केला, चिमट्याने पुढे धरला. सापाने जीभ दोनदा बाहेर काढली, उंदराकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि थंड बाजूच्या ढोलीत निघून गेला. कर्जाचा अर्ज नामंजूर करताना आमचे मॅनेजर असेच पाहतात. दुसरा आठवडा तसाच. तिसरा आठवडा तसाच. घरात सगळे पाय न वाजवता चालू लागले. टीव्हीचा आवाज खाली आला. आमच्या हिने त्याचे नाव 'जावईबापू' ठेवले. एका कोपऱ्यात बसायचे, कुणाशी बोलायचे नाही, समोर आणलेल्याला तोंड लावायचे नाही, आणि सगळ्या घराने बोटावर चालायचे. दुसरे नाव शोभलेही नसते.

मला मात्र झोप येईना. बँकेत ज्या खात्यावर दोन वर्षे खातेदाराने काही व्यवहार केला नाही ते निष्क्रिय धरतात. दहा वर्षे तसेच राहिले तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे जातात. इथे खाते माझ्या घरात उघडलेले, आणि खातेदार खातच नाही! भाच्याने वजनाचा काटा दिला होता. दर रविवारी मी जावईबापूंना अलगद पिशवीत घालून तोलायचो आणि वहीत लिहायचो. १२१० ग्रॅम. १२०५ ग्रॅम. पुन्हा १२०५ ग्रॅम. कोणत्याही लेजरात इतके सुवाच्य अक्षर मी काढलेले नाही.

अशात नागपंचमी आली. सापाची बातमी गल्लीत फुटलेली होतीच. सकाळी सातपासून बायका हळदकुंकू, लाह्या आणि दूध घेऊन दारात. आता बाई म्हणजे नागोबाची बहीण. तिला भावाच्या दारातून परत कसे पाठवायचे? पण दूध हे सापाचे अन्न नव्हे. त्याला ते पचत नाही. मी लहान असताना गारुडी टोपलीतला नाग दारोदार न्यायचे आणि तो वाटीतले दूध प्यायचा हे खरे. पण तो का प्यायचा, ते मोठेपणी कळले. त्याला आधी कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेले असायचे. तहानेने कासावीस झालेला जीव समोर येईल ते ओले तोंडात घेतो. आपण हात जोडायचो, त्याने प्रसाद स्वीकारला म्हणून आनंदायचो, आणि पुढे तो आजारी पडून मरायचा. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची जिवंत नागांची नागपंचमी तर सगळ्या जगात गाजलेली. पुढे कायद्याने आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिच्यावर बंधने आली. त्या वेळी मला ती बंधने जरा जाचक वाटली होती. आता पेटीजवळ उभे राहून दुधाच्या वाट्या परत करताना मला निराळेच वाटले. ज्याला आपण देव म्हणतो त्यालासुद्धा, तो काय खातो हे आपण विचारलेले नाही. आपल्याला काय वाढायचे आहे, तेवढेच ठरवलेले आहे.

त्या दिवशी समोरचे निवृत्त मुख्याध्यापकही आले. त्यांच्याकडे प्रत्येक विषयावर एक माहिती असते आणि ती बहुधा बरोबर असते. ते म्हणाले, "१९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे बहात्तर विषारी सापांबरोबर बहात्तर तास एका खोलीत बसले होते. साप अंगावरून गेले, पण चावला एकही नाही. आपण त्याला छेडलं नाही तर तो आपल्याला छेडत नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. पुढे कात्रजचं सर्पोद्यान त्यांनीच उभं केलं." मग पेटीकडे पाहून म्हणाले, "बहात्तर सापांना एका माणसाने छेडलं नाही. इथे एका सापाला बहात्तर माणसं छेडतायत."

मी चादर ओढून घेतली आणि दार लावले.

त्या रात्री भाच्याचा फोन आला. मी फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. तो पुन्हा तेच पाठ म्हणत होता. "मामा, घाई नको. नवी जागा आहे, नवे वास आहेत. त्याला त्याचा कोपरा मिळू दे. खा-खा करू नका. समोर ठेवा आणि निघून जा. सारखं जाऊन बघूसुद्धा नका."

आई कोपऱ्यातल्या खाटेवर बसून वाती वळत होती. फोन बंद झाल्यावर, मान वर न करता ती म्हणाली, "सापाचं बरं हाय बाबा. त्याला कुणी आग्रह करीत न्हाई."

आमची ही आतून जेवायला वाढल्याचे सांगत होती. मी आईकडे पाहिले. तीन महिन्यांत पहिल्यांदाच नीट पाहिले असावे. दंडावरची चोळीची बाही, जी गावाकडे घट्ट बसायची, ती सैल होऊन कोपराकडे उतरली होती. जावईबापूंचे पाच ग्रॅम मी वहीत टिपले होते. आईचे किती उतरले, त्याची नोंद कुठेच नव्हती.

तसे आम्ही तिला काही कमी केले नव्हते. उलट दिवसातून दहा वेळा विचारत होतो: "आई, जेवलीस का?" "आई, अजून एक पोळी." "आई, दूध तरी घे." भूमच्या खव्याचे पेढे आणले, आपले प्रसिद्ध गुलाबजाम आणले, फळे आणली. ती 'नगं' म्हणाली की आम्ही दुखावल्यासारखे तोंड करायचो. मग ती आमच्या समाधानासाठी दोन घास खायची. दूध तर खूपदा प्यायची. म्हणजे आमच्याही घरात वाटी होतीच, आणि त्या वाटीपुढे हात जोडून आम्ही उभे होतो.

आणि मला १९९३ आठवले.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून गाव उशिरा झोपलेले. पहाटे चार वाजायला चार मिनिटे कमी असताना जमीन हलली. किल्लारी, सास्तूर ही नावे त्या दिवशी जगाला कळली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी आमच्याकडची घरे. जी उन्हाळ्यात गारवा द्यायची, तीच अंगावर आली. हजारो माणसे गेली. आमच्या घरातली माणसे वाचली, घर गेले. मी दहा वर्षांचा होतो. पुढे आठवडाभर सगळीकडून मदतीचे ट्रक आले. पोळ्यांच्या थप्प्या, बुंदी, फरसाण, डबलरोटी, केळी. मी खोटे बोलत नाही, त्या वयात इतका खाऊ मी एका जागी पाहिला नव्हता आणि मी खाल्लाही. पण आई काही खाईना. चार दिवस तिने पाण्याशिवाय फारसे काही घेतले नाही. दूरच्या शहरातून आलेल्या एक बाई तिच्यापुढे पुडा घेऊन बसायच्या. फार भल्या होत्या, कोणाचे कोण पण डोळ्यांत पाणी होते त्यांच्या. "खा ना ग माय, आम्ही इतक्या लांबून आणलंय." आई पुडा हातात घ्यायची आणि खाली ठेवायची.

पाचव्या दिवशी जवळच्या गावातली एक म्हातारी आली. बरोबर तिची एक काळी शेळी. म्हातारीने तीन दगड मांडले, चार काटक्या ठेवल्या, एक तवा ठेवला, फडक्यात बांधलेले ज्वारीचे पीठ ठेवले. आईला एक अक्षर बोलली नाही. पाठ फिरवून बाभळीखाली जाऊन बसली आणि शेळीला पाला घालीत राहिली. बराच वेळ काही झाले नाही. मग आई उठली, पीठ मळले आणि भाकरी थापली. त्या भाकरीचा आवाज मी अजून विसरलेलो नाही. म्हातारीने ऐकला असेलच, पण तिने वळून पाहिले नाही.

त्या शहरातल्या बाई वाईट होत्या का? मुळीच नाही. मदतीला धावून येणाऱ्याला नावे ठेवणारा माणूस करंटा. शिवाय ज्याला मागता येत नाही त्याला आग्रह करावाच लागतो. तापातल्या पोराला औषध त्याच्या मर्जीवर सोडून चालत नाही. मी आग्रह सरसकट वाईट म्हणत नाही. पण दोघींच्या देण्यात फरक होता. पहिलीने अन्न दिले आणि ते खाल्लेले पाहण्याचे समाधान मागितले. दुसरीने चूल दिली आणि काहीच मागितले नाही, वळून पाहण्याचा हक्कसुद्धा. बँकेच्या भाषेत सांगायचे तर पहिल्या देण्यावर व्याज होते. अगदी थोडे, माफक दराचे. पण ज्याचे सगळे बुडाले आहे त्याला तेवढेही भरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या हिच्याशी बोललो. ती प्रथम रागावली. "म्हणजे मी नीट बघत नाही का त्यांच्याकडे?" मी म्हटले, "नीट बघतेस. तेच जरा कमी करू या. आपण दोघांनीही." मग मागच्या परसात तीन विटा मांडल्या. गावाहून आईचा तवा आणि काठवट मागवली. ज्वारीचे पीठ एका डब्यात भरून परसाच्या ओट्यावर ठेवले. जेवलीस का, हे विचारणे बंद केले. हे फार अवघड गेले. जीभ आपोआप तो प्रश्न विचारायची. शेजारच्या बाईंनी दोनच दिवसांत विचारले, "घरात गॅस असताना सासूबाई चुलीवर का हो करतात?" आमची ही लाजेने लाल झाली. पण त्या एका प्रश्नाने मला समजले की आपला निम्मा आग्रह हा शेजाऱ्यांसाठी असतो.

आई पहिले दोन दिवस परसात नुसतीच बसून राहिली. तिसऱ्या दिवशी मी बँकेतून आलो तर घरात धुराचा वास होता. मी आत गेलो नाही. पुढच्या खोलीत बसून वर्तमानपत्र वाचले. उलटे धरले होते असे मुलगी सांगते.

आणि जावईबापू? सातव्या आठवड्यात एका रात्री वीज गेली. उंदीर ऊन करून पेटीत ठेवला होता. मी बॅटरी शोधायला गेलो आणि ती सापडेपर्यंत डोळा लागला. सकाळी पाहतो तर उंदीर नाही, आणि जावईबापू ढोलीत पोटाला फुगवटा घेऊन स्वस्थ पडलेले. मी आनंदाने उड्या मारायचा बाकी होतो. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, आता दोन दिवस हात लावू नका, नाही तर गिळलेले बाहेर काढील. मग मी परसात धावलो. "आई, खाल्लं त्यानं! रुळला बघ एकदाचा!"

आई भाकरी उलटत होती. म्हणाली, "खाल्लं म्हंजी रुळलं असं नसतंय लेका. भूक लागली, खाल्लं. नव्या गावात आम्ही बी तीस वर्सं खाल्लंच की."

मी तिथेच उभा राहिलो. भूकंपानंतर आमचे गाव दुसऱ्या जागी वसवले. सरळ रस्ते, आखलेल्या ओळी, घरांना नंबर. सगळे तिथे राहिले, जेवले, पोरांची लग्ने केली. बाहेरून पाहणारा म्हणेल की रुळले. बँकेतही आम्ही असेच धरून चालतो: ज्याने तक्रार केली नाही तो समाधानी. पण खाणे ही पोटाची गरज आहे, ती संमतीची सही नव्हे. कुणी आपल्या घरी जेवू लागला एवढ्याने त्याला तिथे आणणे बरोबर ठरत नाही.

मग बरोबर काय? मी काही तत्त्वज्ञ नाही. माझे शिक्षण जमाखर्चाचे. तेव्हा जमाखर्चासारखेच मांडतो. ज्याला परत जाता येते त्याला जाऊ द्यावे. आई आता दसऱ्याला गावी जाते आणि संक्रांत करून येते. तिथे तिच्या वयाच्या चौघीजणी आहेत, त्या रोज रात्री फोनवर मला तिच्या तक्रारी सांगतात, त्यामुळे काळजी नाही. लोक काय म्हणतात ते म्हणतात.

आणि ज्याला परत जाता येत नाही, त्याचे आपण देणे लागतो. जावईबापूंना आफ्रिकेत पाठवणे माझ्या हातात नाही. एकाने सुचवले, नळदुर्गच्या खोऱ्यात सोडून द्या. तेही करता येत नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या दलदलीत लोकांनी हौसेने पाळलेले आशियातले मोठे अजगर सोडून दिले, काही निसटले, आणि आता तिथे त्यांनी तिथल्या प्राण्यांचा फडशा पाडला आहे. एका घराचा पाहुणा दुसऱ्याच्या रानात सोडणे याला सुटका म्हणत नाहीत. तेव्हा तो आमच्याकडे आहे. त्याला कोपरा आहे, ऊब आहे, गारवा आहे, चादर आहे. तो मला ओळखत नाही आणि ओळखावे अशी माझी अपेक्षाही आता राहिलेली नाही. भाच्याला दुसरी जागा अजून मिळालेली नाही. 'फक्त'चा अर्थ मला ठाऊकच होता.

अलीकडे गल्लीतला एक तरुण विचारायला आला. त्याला असाच साप विकत घ्यायचा होता. केवढ्याला मिळतो, कागद काय लागतात, सगळे त्याने विचारले. मी सगळे सांगितले आणि शेवटी एकच विचारले, "ताट ठेवून पाठ फिरवता येते का तुला? दोन महिने?" तो विचार करून सांगतो म्हणाला. अजून आलेला नाही. मुलगा समजूतदार असावा.

परवा रात्री मी हाच मजकूर लिहीत जेवायला बसलो होतो. आमच्या हिने तिसरी पोळी आणली. मी म्हटले, "नको." मी हात आडवा धरायच्या तयारीत होतो. पण ती काही बोलली नाही. पोळी ताटाशेजारी झाकून ठेवली, दिवा बारीक केला आणि आत निघून गेली.

थोड्या वेळाने मी खाल्ली.